‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ : मराठी ख्रिस्ती परिभाषेच्या आधारे श्रद्धा व आचरण यांचा विचार

१

धर्मश्रद्धा आणि दैनंदिन आचरण यांचा परस्परसंबंध हा विषय सामान्यतः धर्मशास्त्राचा किंवा नीतिशास्त्राचा समजला जातो. भाषाशास्त्राचा त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु एखादा धर्म एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येतो तेव्हा त्याच्या मूळ शब्दांतील अर्थाचे पदर सुटे होतात. जे अर्थ मूळ भाषेत एकाच शब्दात नांदत होते त्यांना नव्या भाषेत दोन किंवा तीन शब्दांत घरे शोधावी लागतात. हे सुटे पदर पाहिल्यावरच मूळ शब्दात काय काय एकवटले होते हे नीट ध्यानात येते. भाषांतर हे अशा रीतीने अर्थाच्या पृथक्करणाचे एक साधनच होय.

ख्रिस्ती धर्मातील श्रद्धावाचक शब्द मराठीत आला तेव्हा नेमके असेच घडले. मूळ ग्रीक विशेषणातून मराठीत दोन शब्द निर्माण झाले : श्रद्धा बाळगणारा तो ‘विश्वासी’, आणि ज्याच्यावर भरवसा टाकता येतो तो ‘विश्वासू’. या दोन शब्दांमधले अंतर हाच, प्रस्तुत लेखकाच्या मते, ख्रिस्ती आचरणाचा खरा प्रश्न आहे. तो प्रथम शब्दांच्या आणि नंतर महाराष्ट्रातील दोन स्त्रियांच्या चरित्रांच्या आधारे मांडण्याचा येथे विचार आहे.

२

नव्या करारातील श्रद्धावाचक नाम ‘पिस्तिस’ हे आहे, क्रियापद ‘पिस्त्यूओ’ हे आहे आणि विशेषण ‘पिस्तोस’ हे आहे. ‘पिस्तिस’ हा काही केवळ देवळातला शब्द नव्हे. ग्रीक व्यवहारात तो हमी, तारण, पत या अर्थांनीही येतो. ‘पिस्तोस’ या विशेषणाचे दोन्ही अर्थ नव्या करारात आढळतात. विश्वास ठेवणारा मनुष्य ‘पिस्तोस’ आणि धन्याने सोपविलेली रक्कम नीट सांभाळणारा चाकरही ‘पिस्तोस’च.

क्रियापदाचीही गोष्ट तीच. योहानाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस या दृष्टीने फार बोलके असे एक स्थळ आहे. पुष्कळ लोकांनी येशूच्या नावावर विश्वास ठेवला, पण येशूने मात्र स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही, असा तेथील आशय आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘विश्वास ठेवला’ आणि ‘हवाली केले नाही’ या दोन्ही ठिकाणी एकच धातू योजलेला आहे. लोकांच्या बाजूने विश्वास होता, परंतु ते विश्वासपात्र होते असे मात्र नाही. एकाच क्रियापदाच्या द्विरुक्तीने शुभवर्तमानकाराने हा भेद दाखविला आहे.

या ग्रीक शब्दामागे हिब्रू भाषेचा संस्कार आहे. हिब्रूतील ‘एमूना’ हा शब्द स्थैर्य, दृढता, निष्ठा असे अर्थ दाखवितो, आणि प्रार्थनेच्या अखेरीस उच्चारला जाणारा ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. निर्गमाच्या पुस्तकात अमालेकी लोकांशी झालेल्या लढाईचे वर्णन येते. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई. हात भरून आले तेव्हा त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले आणि ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले. तेथे ‘स्थिर’ या अर्थी जो शब्द आहे तो ‘एमूना’ हाच होय. श्रद्धेसाठी वापरला जाणारा शब्द प्रथम थकलेल्या हातांच्या स्थिरतेला लागतो, आणि तेही हात दुसऱ्यांनी सावरलेले असताना, ही गोष्ट मननीय आहे. मनातील मत हा या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. भार पडला तरी न ढळणे, हा त्याचा मूळ अर्थ होय.

३

मराठीत या आशयासाठी तीन शब्द पुढे आले. त्यांपैकी सर्वांत जुना ‘भावार्थ’. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. त्या काळी श्रद्धेसाठी जो शब्द गोव्याच्या ख्रिस्ती वाङ्मयात रुजला तो ‘भावार्थ’ हा होय. आजही गोव्याचे कोकणी ख्रिस्ती लोक श्रद्धेला ‘भावार्थ’च म्हणतात. आजच्या मराठी वाचकाला ‘भावार्थ’ म्हणजे कवितेखाली लिहावयाचा सारांश एवढेच आठवेल, परंतु जुन्या मराठीत मनापासूनची, निष्कपट भक्ती असाही त्याचा अर्थ होता. ‘भोळा भावार्थ’ या शब्दप्रयोगात तो अद्याप शिल्लक आहे.

दुसरा शब्द ‘श्रद्धा’. मराठी कॅथलिक लेखनात हा शब्द विशेष रूढ आहे. तो ‘श्रत्’ आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे यांपासून झाला आहे, आणि ‘श्रत्’चा संबंध हृदयवाचक शब्दाशी जोडला जातो. ज्या ‘क्रेदो’ या शब्दाने ख्रिस्ती मताचा लॅटिन अंगीकार सुरू होतो तो याच ‘श्रद्धा’ शब्दाचा सगोत्र आहे, हे तौलनिक भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. म्हणजे हा शब्द परका नाहीच. एकाच प्राचीन मुळापासून फुटलेल्या दोन फांद्या दीर्घ प्रवासानंतर मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी एकत्र आल्या, इतकेच. या शब्दाच्या उत्तरार्धात एक क्रियाही आहे, ती म्हणजे ‘ठेवणे’.

तिसरा शब्द ‘विश्वास’. विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. त्यानंतर मुंबईत व अहमदनगरास अमेरिकन व इतर मिशनांनी जे काम केले त्यातून प्रॉटेस्टंट मराठीची परिभाषा घडत गेली आणि तीत ‘विश्वास’ हा शब्द स्थिर झाला. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. ‘वि’ उपसर्ग लागल्यावर मोकळेपणी श्वास घेणे, निर्धास्त होणे, असा अर्थ झाला. ज्याच्या सहवासात भीती वाटत नाही त्याच्याविषयी विश्वास असतो. मराठीने याला क्रियापद दिले तेही ‘ठेवणे’ हेच. आपण विश्वास ‘करीत’ नाही, तो ‘ठेवतो’. आणि जी वस्तू ठेवावयाची ती कोणाजवळ तरी ठेवावी लागते.

४

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ‘विश्वास’ हे नाम ठरल्यावर त्याचे विशेषण करावयाचे झाले, तेव्हा एका ‘पिस्तोस’साठी मराठीला दोन वाटा घ्याव्या लागल्या. श्रद्धा बाळगणाऱ्या मनुष्यासाठी बायबलात ‘विश्वास ठेवणारा’ असे शब्द आले, आणि मंडळीच्या नित्याच्या बोलण्यात ‘विश्वासी’ हा सुटसुटीत शब्द रुळला. इमानी चाकरासाठी मात्र ‘विश्वासू’ हा शब्द आधीपासूनच घराघरांत वापरात होता.

हे दोन शब्द दिसावयास भावंडे आहेत, परंतु त्यांचा वाक्यातील वर्तनक्रम अगदी वेगळा आहे. ‘मी विश्वासी आहे’ असे वाक्य कोणीही सहज उच्चारू शकतो, आणि ते ऐकून कोणास आश्चर्य वाटत नाही. ‘मी विश्वासू आहे’ असे मात्र कोणी म्हणू लागला तर ऐकणारा चटकन सावध होतो. पहिले विशेषण ज्याचे त्याने स्वतःस लावावयाचे आहे, दुसरे इतरांनी लावावयाचे आहे. पहिल्यासाठी एक क्षण पुरतो. दुसऱ्यासाठी वर्षे लागतात. पहिला शब्द उपासनेच्या वेळी उपयोगी पडतो. दुसरा शब्द नोकर, गडी, मुनीम, शेजारी, मित्र, फार काय राखणीचा कुत्रा, यांच्या संगतीत वावरतो. त्याचे सारे जग व्यवहाराचे आहे : उसने घेतलेले परत करणे, माप पुरते देणे, मजुरी वेळेवर चुकती करणे, कानी आलेले गुपित जिभेवर न येऊ देणे.

प्रथमपुरुषी ‘विश्वासू’चा एकच अपवाद मराठीत दिसतो, आणि तो मोठा मासलेवाईक आहे. अर्जाच्या किंवा औपचारिक पत्राच्या शेवटी आपण ‘आपला विश्वासू’ असे लिहून सही करतो. तेथे या शब्दाचा अर्थ झिजून नाहीसा झालेला आहे, म्हणूनच तो स्वतःविषयी वापरणे खपून जाते. धार्मिक भाषेलाही नेमका हाच धोका असतो. जो शब्द दर रविवारी उच्चारला जातो आणि सोमवारी ज्याची परीक्षा होत नाही, तो हळूहळू पत्राखालच्या मायन्यासारखा होतो. त्याने कोणाची फसवणूक होत नाही हे खरे, परंतु त्यावर विसंबून कोणी काही हवालीही करीत नाही.

५

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. ख्रिस्ती मताप्रमाणे मनुष्याचे तारण कृपेने व विश्वासाने होते, कर्मांनी नव्हे; मग आचरणावर इतका भर देणे हे पौलाच्या शिकवणीशी विसंगत नाही काय? हा वाद जुना आहे. क्रियांवाचूनचा विश्वास निर्जीव होय, असे याकोबाच्या पत्रात प्रतिपादन केलेले आहे, आणि मार्टिन लूथरने १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत त्या पत्राला गवती पत्र असे संबोधून त्याची किंमत कमी लेखली होती.

मराठीत हा गुंता ‘कर्म’ या शब्दामुळे अधिकच वाढला. भाषांतरकारांपुढे कर्म, क्रिया, कृत्य, कृती असे पर्याय होते. ‘कर्म’ म्हटले की मराठी मनात संचित, प्रारब्ध, फळ यांची अखंड मालिका उभी राहते; शिवाय स्नानसंध्यादी नित्यकर्मांचाही अर्थ त्यास चिकटलेला आहे. त्यामुळे सत्कृत्ये म्हणजे पुण्याचा साठा आणि तारण म्हणजे त्या साठ्याचा मोबदला, असा समज वाचकाचा सहज होऊ शकतो. पौलाचा निषेध आहे तो या हिशेबी वृत्तीला. आचरणाला त्याचा विरोध नाही. प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास हाच महत्त्वाचा, असे त्यानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. त्याच पत्रात आत्म्याची फळे सांगताना त्याने पुन्हा ‘पिस्तिस’ हाच शब्द घातला आहे. प्रचलित मराठी बायबलात या ठिकाणी ‘विश्वास’ असे भाषांतर केलेले नाही. तेथे ‘विश्वासूपणा’ असा शब्द आहे. तो योग्यच होय. ज्या शब्दाने तारणाचा मार्ग सांगितला, त्याच शब्दाने त्या मार्गावरून चालणाऱ्याचा स्वभावही सांगितला आहे.

मूळ आणि फळ यांचा हा संबंध ध्यानात घेतला म्हणजे वादाची धार बरीच बोथट होते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सत्कृत्ये ही नीतिमान ठरण्याची किंमत नव्हेत, तर त्याचे फळ होत, अशीच त्यातील भूमिका आहे. फळाने झाड जगत नाही हे खरे. परंतु कधीच फळ न धरणाऱ्या झाडाविषयी शंका येतेच.

६

शब्दांचा हा विचार प्रत्यक्ष चरित्रांवर घासून पाहिला पाहिजे. पहिले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे लगेच सोडले नाही. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या या काळाचे विलक्षण प्रांजळ वर्णन केले आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील घटनाक्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, तो माणसांनी केलेला आहे, हा निर्णय मात्र त्यांनी त्यापूर्वीच स्वतःच्या विचाराने केला होता, आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या सिद्ध झाल्या होत्या. म्हणजे येथे अंगीकार मागून आला आणि पाण्याचा पेला आधी आला. एका सोवळ्यातल्या स्त्रीच्या दृष्टीने त्या पेल्याचे मोल किती होते हे त्या काळच्या समाजाची ज्यांना कल्पना आहे त्यांना सांगावयास नको. पुढे टिळकांच्या घरात अनाथ मुलांना आसरा मिळाला. ते कार्य ‘संस्था’ या मोठ्या नावाने झाले नाही. स्वयंपाकघरात पान एक वाढले आणि अंथरूण एक वाढले, अशा रीतीने ते झाले.

या उदाहरणाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात अनेक जातींतून लोक आले, आणि जात मागे टाकून आल्याची घोषणा करणे त्या मानाने सोपे होते. एका पंक्तीस बसणे, एका घागरीचे पाणी पिणे, मुलांचे विवाह जुळविणे, या गोष्टी कठीण होत्या आणि पुष्कळ ठिकाणी आजही कठीण आहेत. मंडळीत आपण सारे बंधुभगिनी आहोत असे म्हणणे हे ‘विश्वासी’ या शब्दाचे क्षेत्र झाले. सोयरीक ठरविण्याच्या बैठकीत काय बोलले जाते हे ‘विश्वासू’ या शब्दाचे क्षेत्र होय.

७

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे असून ते अधिक गुंतागुंतीचे आहे. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस उच्चवर्णीय विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. कोणत्याही मुलीवर धर्माची सक्ती होणार नाही या अटीवर त्यास न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर इत्यादी सुधारकांचा पाठिंबा मिळाला होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, आणि तेथे येऊ इच्छिणाऱ्या मुलींस त्या मज्जाव करीत नसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगी कोणत्या बाजूचे किती बरोबर होते हा प्रश्न इतिहासकारांचा आहे. परंतु वाद कोणत्या शब्दाभोवती फिरत होता हे पाहण्यासारखे आहे. रमाबाई ख्रिस्ती आहेत याबद्दल कोणाच्या मनात संदेह नव्हता. त्या विश्वासी आहेत हे उघडच होते. त्या दिलेल्या शब्दाला जागल्या की नाही, म्हणजे विश्वासू ठरल्या की नाही, एवढाच प्रश्न होता. सल्लागारांचे म्हणणे, तटस्थतेचा अर्थ दार लावून घेणे असा होतो. रमाबाईंचे म्हणणे, आपली श्रद्धा लपविणे हीच अप्रामाणिकपणाची गोष्ट होईल. सेवा करणाऱ्या प्रत्येक श्रद्धावंतापुढे हा पेच केव्हा ना केव्हा उभा राहतो. सेवेमागे छुपा हेतू असेल तर सेवाच संशयास्पद होते. आणि श्रद्धा दडवून सेवा केली तर सेवा करणारा स्वतःशीच खोटे वागतो. यातून सुटण्याचा एखादा सोपा मंत्र नाही. हेतू उघड ठेवणे, सक्ती न करणे आणि दीर्घ काळ टिकून राहणे, एवढेच मनुष्याच्या हाती असते.

टिकून राहण्याची कसोटी लवकरच आली. रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास, दुष्काळात भटकंती करताना वारले होते. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या; १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही पुष्कळजणी आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली. येथेही शब्दाची निवड अर्थपूर्ण आहे. ‘मुक्ती’ हा आपल्याकडील अध्यात्माचा अत्युच्च शब्द. रमाबाईंनी तो विहिरी, शेत, हातमाग, तेलघाणा, शाळा आणि छापखाना असलेल्या एका गावाला दिला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या घरास ‘कृपा सदन’ आणि वृद्ध व अपंग स्त्रियांच्या घरास ‘प्रीति सदन’ अशी नावे मिळाली. अंध स्त्रियांनाही तेथे वाचावयास शिकविले जाई. कृपा, प्रीती, मुक्ती ही धर्मशास्त्रातील भाववाचक नामे केडगावात पत्त्यांसारखी झाली. दार ठोठावले असता उघडणारे असे काही त्या शब्दांमागे होते.

रमाबाईंनी आपली अखेरची वर्षे बायबलाच्या मराठी भाषांतरास वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्कृत पंडिता असूनही त्यांनी भाषांतरात संस्कृतप्रचुर शब्द शक्यतो टाळले आणि सामान्य बायकांना समजेल अशी साधी मराठी योजण्याचा प्रयत्न केला. छापखान्यातील काम मुक्तीतील स्त्रियाच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच्या शैलीविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु ज्या स्त्रियांना अक्षरही वर्ज्य होते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्याच हातांनी तो ग्रंथ छापला जावा, हे भाषांतर जुळाऱ्याच्या खिळ्यांपर्यंत पोचले याचे गमक होय.

८

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. ग्रीक व हिब्रू शब्दांत श्रद्धा आणि भरवशास पात्र असणे हे दोन अर्थ अभिन्न होते. मराठीत ते ‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ असे विभागले गेले. ही भाषांतरकारांची चूक नव्हे. मराठीच्या प्रकृतीनुसार दुसरे काही करणे त्यांना शक्य नव्हते. किंबहुना या विभागणीमुळेच मराठी वाचकास एक अशी गोष्ट स्पष्ट दिसते की जी मूळ भाषेच्या वाचकाच्या नजरेतून निसटू शकेल. एक होणे म्हणजे दुसरे होणे नव्हे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जावे लागते.

हे चालणे कोणत्या प्रकारचे, हेही मराठीतील एका साध्या धातूवरून सांगता येईल. ‘पाळणे’ हा तो धातू. आपण आज्ञा पाळतो, शब्द पाळतो, सण पाळतो आणि गुरेही पाळतो. प्रॉटेस्टंट मराठीत मंडळीच्या धर्मगुरूस ‘पाळक’ म्हणतात तेही यावरूनच. गाय पाळणाऱ्यास ठाऊक असते की पाळणे ही एका दिवसाची क्रिया नव्हे. सकाळी वैरण, दुपारी पाणी, संध्याकाळी धार, आणि सुट्टीचा दिवस नाही. दिलेला शब्दही तसाच पाळावा लागतो. एकदा उच्चारून तो जिवंत राहत नाही. थोडक्या गोष्टीत जो विश्वासू तो पुष्कळ गोष्टींतही विश्वासू असतो, असा येशूच्या शिकवणीचा आशय लूकच्या शुभवर्तमानात नमूद आहे. त्यातील ‘थोडके’ म्हणजे हीच रोजची वैरण.

म्हणून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने केवळ स्तोत्रे, प्रवचने आणि भाषांतरे तपासून थांबू नये. कोणत्या शब्दाला लोकांनी कोणत्या व्यवहारात वापरले, कोठे तो शब्द मायन्यापुरता उरला आणि कोठे त्याच्या भरवशावर कोणी आपली मुलगी, आपली मजुरी किंवा आपला जीव दुसऱ्याच्या हवाली केला, हेही त्याने पाहिले पाहिजे. शब्दकोशात ‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ हे दोन शब्द एकाखाली एक येतात. जीवनात त्यांच्यातील अंतर किती आहे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र ‘विश्वासी’ म्हणविणाऱ्याचा नसून त्याच्या शेजाऱ्याचा आहे.